रानातल्या फुलपाखरांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की मला फोन यायला लागतात. नवा कॅमेरा घेतलेला असतो, पाऊस उघडीप देत असतो, आणि रविवारी कुठे जायचं हे विचारायचं असतं. प्रश्न दर वर्षी साधारण तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहे. सगळे अनुभव सह्याद्री, कोकण आणि गोव्याकडचे आहेत. विदर्भातल्या मित्रांनी झाडांची नावं बदलून वाचावं, बाकी फार फरक पडणार नाही.

कुठल्या महिन्यात जावं?

सप्टेंबर ते नोव्हेंबर. पावसाळाभर अळ्यांना कोवळी पानं मिळालेली असतात, त्यातून निघालेली फुलपाखरं आता उडत असतात, आणि एकदांडी, सोनकी, तेरडा असं काय काय फुललेलं असतं. सप्टेंबर महिना तर देशभर फुलपाखरांची नोंद करण्याचा महिना म्हणून पाळतात. पण जूनच्या पहिल्या सरींनंतरचे आठ-पंधरा दिवसही सोडू नका. आणि भर पावसात दोन सरींमध्ये ऊन पडलं की दिंड्याच्या फुलोऱ्यापाशी जाऊन उभं राहा. दिंड्याची फुलं बारीक, पांढरट, कुणी वळून बघणार नाही अशी, पण त्यावर हबशी (कॉमन क्रो) आणि छोटी निळी फुलपाखरं अशी जमतात की कुठल्या बाजूला कॅमेरा वळवावा कळत नाही.

उन्हाळ्यात संख्या कमी होते. मात्र घाटाखालच्या आटत आलेल्या ओढ्यांवर तेव्हाच गर्दी होते. त्याबद्दल पुढे आहे.

आणि दिवसातली वेळ?

फुलपाखरू स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून ऊब धरू शकत नाही. उडण्याचे स्नायू तापले की मगच त्याला नीट उडता येतं. म्हणून सकाळी ऊन आलं की ते पंख पसरून किंवा उन्हाकडे कलून बसतं. हिवाळ्यात साधारण आठ ते साडेनऊ, पावसाळ्यानंतर थोडं लवकर, हा फोटोसाठी सोन्यासारखा वेळ. फुलपाखरू ताजं असतं, पंख उघडे असतात, ऊन तिरपं असतं, आणि जवळ गेलात तरी ते पटकन उठत नाही.

अकरानंतर ते चपळ होतात आणि ऊनही डोक्यावर येऊन पंखांवर पांढरे डाग पाडतं. दुपारी मी सावलीतल्या वाटांवर जातो किंवा टेकडीच्या माथ्यावर. काही जातींचे नर माथ्यावरची एखादी फांदी धरून तिथे टेहळणी करत बसतात, माद्यांची वाट बघत. पुण्यातल्या टेकड्यांवर हे सहज बघायला मिळतं. नर उडाला तरी फिरून त्याच फांदीवर येतो. तिथे थांबायचं, मागे धावायचं नाही.

संध्याकाळी गवतात वाका. छोटी निळी फुलपाखरं गवताच्या काड्यांवर रात्रीच्या मुक्कामाला येतात, कधी कधी एका काडीवर दोन-तीन.

कुठे जायचं? एखादी चांगली जागा सांगा.

आंबोली आणि खाली उतरल्यावरचं पारपोली, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, येऊर, कर्नाळा, फणसाड, ताम्हिणी, भीमाशंकर, गोव्यात चोर्ला घाट, बोंडला, मोले, विदर्भात मेळघाट. ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याची ओवळेकर वाडी आहे. फुलपाखरांसाठी मुद्दाम झाडं लावून वाढवलेली बाग आहे ती, शिकायला उत्तम.

पण खरं सांगू? पहिलं वर्षभर घरापासून अर्ध्या तासावरची एकच जागा धरा. पडीक प्लॉट, नाल्याचा काठ, देवराईची कड, काहीही चालेल. तिथे दर आठवड्याला जा. आंबोलीला वर्षातून एकदा जाऊन जे कळत नाही ते या पडीक प्लॉटवर कळतं: कुठल्या कोपऱ्यात सकाळचं ऊन आधी येतं, कुठल्या दगडावर कोण बसतं, कुठलं झुडूप कधी फुलतं.

मी जवळ गेलो की ते उडतं. काय चुकतं माझं?

बहुतेक वेळा तीन गोष्टी.

पहिली, सावली. तुमची सावली फुलपाखरावर पडली की ते गेलंच. ऊन कुठून येतंय ते बघून मग बाजू निवडा.

दुसरी, आडवी हालचाल. फुलपाखराचे डोळे संयुक्त असतात, जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं त्यांना, आणि बारीक तपशिलापेक्षा हालचाल ते फार लवकर टिपतात. म्हणून डावीकडून उजवीकडे सरकू नका. सरळ रेषेत, कमी उंचीवरून, हळू पुढे जा. कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला असू द्या. अगदी जवळ पोचल्यावर हात वर उचलून कॅमेरा लावायचा, ही नव्या माणसाची हमखास चूक. मी सुद्धा सुरुवातीची दोन वर्षं तेच करत होतो आणि लेन्सला दोष देत होतो.

तिसरी, घाई. फुलपाखरू नुकतंच फुलावर उतरलंय तेव्हा ते सावध असतं. सोंड उलगडून ते रस प्यायला लागू द्या, आठ-दहा सेकंद थांबा, मग पहिलं पाऊल टाका. प्रत्येक दोन पावलांनी एक फोटो काढत जा. लांबचा का असेना, हाती काहीतरी राहतं.

ज्या गवताला किंवा फांदीला तुमचं फुलपाखरू बसलंय त्याच झुडपाला तुमची पिशवी, गुडघा, कॅमेऱ्याचा पट्टा लागत नाही ना हेही बघा. लेन्स फुलापर्यंत पोचण्याआधी फांदी हलते आणि खेळ संपतो.

आणि एक उलट खूण लक्षात ठेवा. फुलपाखरू तुम्ही अगदी टेकलात तरी हलत नसेल, पंख विचित्र लोंबत असतील, तर फुलात नीट बघा. बहुधा खेकडा कोळ्याने ते धरलेलं असतं. फुलाच्याच रंगाचा कोळी असतो, आधी दिसत नाही. तो फोटोही मोलाचा आहे. फुलपाखराला "सोडवायला" जाऊ नका.

फुलपाखरांच्या फोटोसाठी झाडं कशाला ओळखायची?

कारण फुलपाखरू झाडाला बांधलेलं असतं. फूल कुठलंही चालतं, पण मादी अंडी घालते ती ठराविक झाडावरच, अळी ठराविक पानंच खाते. झाड ओळखता आलं की फुलपाखराच्या मागे फिरावं लागत नाही, ते कुठे येणार हे आधी कळतं. मला विचाराल तर दहा हजार रुपयांच्या लेन्सपेक्षा दहा झाडांची ओळख जास्त फोटो देते.

ही माझी दहाची यादी, सगळी आपल्या आजूबाजूची. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं. रुईवर प्लेन टायगर. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, पावसाळ्यात एकेका झाडाखाली शेकड्यांनी. आंब्याच्या पानांवर कॉमन बॅरन, त्याची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरून बसते की पाच मिनिटं बघूनही दिसू नये. आंब्यावरच्या बांडगुळावर हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझेबेल. सोसायटीच्या कुंपणालगतच्या उंच अशोकावर टेल्ड जे. पानफुटीवर रेड पिअरो. कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टर. एरंडावर अँगल्ड कॅस्टर. जमिनीलगतच्या आंबुशीवर पेल ग्रास ब्लू. विदर्भातल्यांनी यात तेंदू घालावा, त्यावर बॅरोनेट.

मादी अंडी घालायला आलेली ओळखणंही सोपं आहे. ती फुलांकडे बघत नाही. पानापानावर क्षणभर टेकते, पायांनी पान चाचपते, पसंत पडलं तर पोट वाकवून एक अंडं ठेवते आणि पुढे जाते. पुढच्या पायांवर चव कळणारी इंद्रियं असतात तिच्या. ती एका झुडपाभोवती घिरट्या घालत असेल तर मागे मागे न जाता दोन पावलं मागे सरून स्वस्थ बसा. ती कामात असते, तुमच्याकडे तिचं लक्ष नसतं, आणि पोट वाकवल्याचा तो एक फोटो पंख पसरलेल्या पन्नास फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

आणखी एक झाड वेगळं सांगायला हवं: खुळखुळा, काही ठिकाणी घागरी म्हणतात. ऑक्टोबरपासून त्याच्या सुकलेल्या, जखमी पानांवर आणि शेंगांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, हबशी असे घोळक्याने येतात. पायांनी पानं ओरबाडून त्यातली कडू द्रव्यं शोषतात. हे बहुतेक नर असतात, त्या द्रव्यांपासून ते मादीला रिझवणारा गंध तयार करतात. या वेळी ते इतके गुंग असतात की मोबाइलनेसुद्धा फोटो येतो. खुळखुळ्याचं एक वाळकं झुडूप सापडलं तर जागा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात परत जा.

ओढ्याकाठी चिखलावर एवढी फुलपाखरं का बसतात?

याला चिखलपान म्हणतात. ओल्या वाळूतून, शेणावरून, मुतारीच्या कडेनेसुद्धा ते क्षार शोषून घेतात, मुख्यतः सोडियम. फुलांच्या रसात ते फारसं नसतं. हेही बहुतांशी नरच, आणि मिलनाच्या वेळी ते क्षार मादीला मिळतात, पुढे अंड्यांच्या कामी येतात.

फोटोच्या दृष्टीने ही मोठी संधी, पण लोक ती वाया घालवतात. दहा-वीस फुलपाखरं दिसली की धावत जातात, सगळी उठतात. असं करा: लांबूनच जमिनीवर बसा, पोटावर झोपता आलं तर झोपा, कॅमेरा वाळूच्या पातळीला आणा आणि कोपरांवर इंच इंच सरका. वरून काढलेला फोटो म्हणजे नुसते ठिपके. पातळीवरून काढला की सोंडा दिसतात, मागच्या पोटातून टपकणारं पाणी दिसतं, मागचा ओढा धूसर होतो. घोळका उठलाच तर जागचे हलू नका. पाच-दहा मिनिटांत त्याच ओल्या पट्ट्यावर परत येतात. आधी एक धीट उतरतो, त्याला बघून बाकीचे.

कॅमेरा कुठला घेऊ? मोबाइल चालेल का?

मोबाइल चालतो. आजच्या मोबाइलवर टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर दोन-तीन फुटांवरून ती वापरा; अगदी जवळून काढायच्या मॅक्रो मोडपेक्षा तीच बरी, कारण मॅक्रो मोडला फुलपाखराला जवळजवळ टेकावं लागतं आणि फोनचीच सावली पडते. डिजिटल झूम मात्र नको. नंतर कापलेलं बरं.

कॅमेराच घ्यायचा असेल तर बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा. सेकंडहँड बॉडी घ्यायला काही हरकत नाही.

मॅक्रो लेन्स की टेलिफोटो?

९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो ही पहिली लेन्स. ग्रास ज्वेल हे आपल्याकडचं अगदी छोटं फुलपाखरू, पंखविस्तार जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. त्याला मॅक्रोशिवाय न्याय नाही. पण १०० मिलिमीटरच्या मॅक्रोने पूर्ण मोठेपणा (म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी प्रतिमा) हवा असेल तर लेन्सचं तोंड फुलपाखरापासून वीतभर अंतरावरच येतं, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

बुजरी, उंचावर बसणारी, दरीच्या कडेला असणारी फुलपाखरं १००-४०० सारख्या झूमने चांगली मिळतात, फक्त त्या लेन्सचं कमीत कमी फोकसचं अंतर बघून घ्या. ते मीटरभराच्या आसपास असेल तर उत्तम. नीलवंत, सदर्न बर्डविंग यांच्यासाठी मी हीच वापरतो. सदर्न बर्डविंगचा पंखविस्तार १९ सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याला मॅक्रोची गरजच नाही.

पैसे बेताचे असतील तर साध्या झूमपुढे लावायची क्लोज-अप भिंग मिळते. काचेची, चांगल्या प्रतीची घ्या. स्वस्तातली कडांना रंग सोडते.

सेटिंग काय ठेवू?

सुरुवातीला मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेरा स्वतः ठरवतो. शटर १/५०० सेकंद, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८. बसलेल्या, शांत फुलपाखरासाठी १/२५० पर्यंत खाली या. वारा असेल किंवा पंख फडफडत असतील तर १/१००० च्या वर. आयएसओ १६०० झाला तर होऊ द्या. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.

फोकस एका बिंदूचा ठेवा आणि तो डोळ्यावर. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, कारण हळदीकुंकवाचा पिवळा आणि एमिग्रंटचा फिकट रंग जेपेगमध्ये चटकन जळतो. फिकट फुलपाखरांसाठी एक्स्पोजर थोडं खाली आणा, हबशीसारख्या काळ्यांसाठी थोडं वर.

डोळा स्पष्ट येतो पण पंख धूसर. का?

जवळून काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा फारच पातळ होतो. पूर्ण मोठेपणाला एफ/८ वर तो एक मिलिमीटरच्या आसपास असतो. छिद्र एफ/१६ च्या पलीकडे लहान केलं तर पट्टा वाढतो पण सगळाच फोटो मऊ पडायला लागतो.

उपाय छिद्रात नाही, उभं राहण्यात आहे. पंख मिटलेले असतील तर कॅमेऱ्याचा मागचा भाग पंखांना समांतर धरा. पंख पसरलेले असतील तर पाठीच्या बरोबर वर या. दोन-चार अंशांनी फरक पडतो. मी शरीर डावी-उजवीकडे झुकवत सात-आठ फोटो काढतो, त्यातला एक बरोबर लागतो. आणि थोडं मागे सरलात, फुलपाखरू चौकटीत लहान ठेवलंत, तर पट्टा आपोआप रुंद होतो. झाडही दिसतं. मला तसे फोटो जास्त आवडतात.

फ्लॅश वापरावा का?

सदाहरित जंगलात, दाट सावलीत लागतोच. नुसता फ्लॅश कधीच नको. पुढे बटर पेपर किंवा पांढरं कापड लावून प्रकाश मऊ करा आणि ताकद कमी ठेवा. उघड्या उन्हात मी तो बॅगेतच ठेवतो. कोषातून नुकतंच बाहेर येणारं फुलपाखरू, रात्री विसावलेलं फुलपाखरू यांच्यावर फ्लॅश मारू नये असं माझं ठाम मत आहे.

ट्रायपॉड?

पहाटे दवात आणि कोषासाठी. एरवी घरी ठेवा.

नीलवंताचा चांगला फोटो कधीच मिळत नाही. काही युक्ती?

नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ मध्ये आपलं राज्य फुलपाखरू झालं, तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. अडचण अशी की रस पितानाही तो पुढचे पंख सतत फडफडवत असतो. तेव्हा १/२००० शटर लावा, किंवा १/१२५ वर मुद्दाम पंख धूसर होऊ द्या आणि अंग स्पष्ट ठेवा. दोन्ही छान दिसतात, मधलंच काहीतरी वाईट दिसतं.

भुतकेसाची पांढरी पानं आणि नारिंगी फुलं पावसाळ्यात दिसली की तिथे थांबा. त्याची रसपानाची फेरी ठरलेली असते, एका रानवाटेवर तो वीस-पंचवीस मिनिटांनी परत त्याच फुलोऱ्याशी येताना मी कितीदा बघितलाय. आणखी सोपं म्हणजे ढगाळ संध्याकाळी झुडपांच्या आतल्या बाजूला शोधा. विसावताना तो पंख सपाट पसरून बसतो, तेव्हा निळा रंग पूर्ण दिसतो.

काही फुलपाखरं पंख उघडतच नाहीत. किती वेळ थांबू?

ग्रास यलोसाठी थांबू नका. ती बसताना पंख मिटूनच बसतात, उन्हातही कडेने कलून ऊब घेतात. त्यांना मागून ऊन घेऊन काढा, वरच्या बाजूची काळी किनार पंखातून आरपार दिसते. बुशब्राउन, इव्हनिंग ब्राउन यांचंही तसंच. छोटी निळी मात्र सकाळच्या पहिल्या उन्हात हळूहळू पंख उघडतात. ढगामागून ऊन बाहेर आलं की लगेच बघा.

इव्हनिंग ब्राउनचं एक वेगळं सांगतो. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, कोरड्या ऋतूतली पिढी वाळक्या पानासारखी असते. एकाच वाटेवर ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत काढलेले दोन फोटो शेजारी ठेवलेत तर ते एकच फुलपाखरू आहे यावर घरचे विश्वास ठेवणार नाहीत.

ओळखण्यासाठी फोटो कसे काढावेत?

शक्य असेल तर तीन: पंखांची वरची बाजू, खालची बाजू, आणि अंग. छोट्या निळ्यांमध्ये खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरूनच जात ठरते, वरून निम्मी सारखीच दिसतात.

अंगाचा फोटो लोक विसरतात, आणि नक्कल करणारी फुलपाखरं तिथेच पकडली जातात. कॉमन मॉरमॉनची मादी तीन रूपांत येते. एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमझन रोझसारखं. रोझ पक्ष्यांना चवीला वाईट लागतात, म्हणून ही नक्कल. पण रोझचं अंग लाल असतं आणि मॉरमॉनचं काळं. तसंच छोटा चांदवा, म्हणजे डॅनेड एगफ्लाय. त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगर. मागच्या पंखावर वरून बघा: प्लेन टायगरला तीन-चार काळे ठिपके, चांदव्याच्या मादीला कडेला एकच.

मराठी नावं वापरावीत का?

वापरावीत. राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावं दिली आहेत, आणि हळदीकुंकू म्हटल्यावर गावातली आजीसुद्धा "हो हो, ते आमच्या आंब्यावर येतं" म्हणते. जेझेबेल म्हटल्यावर म्हणत नाही. नोंद करताना मात्र शास्त्रीय नावही लिहा.

साखरपाणी शिंपडून किंवा फ्रिजमध्ये थंड करून फोटो काढतात असं ऐकलं. करावं का?

नाही. थंड केलेलं फुलपाखरू फुलावर ठेवलेलं चटकन ओळखू येतं: पाय नीट धरलेले नसतात, मिशा मागे पडलेल्या असतात. त्या जिवाची ती ताकद परत येईपर्यंत कुठलाही सरडा ते उचलतो. पंखाला बोट लावलं तर बोटाला लागते ती पावडर म्हणजे त्याचे खवले, आणि ते पुन्हा उगवत नाहीत. मधे येणारी फांदी तोडणं, अळी "चांगल्या" पानावर हलवणं, जोडी जुळलेली असताना उडवणं, हेही त्यातच आलं. मला अशा फोटोंचा मनापासून राग येतो, कितीही बक्षीस मिळालेलं असो.

मग पिकलेली फळं ठेवली तर?

परसात ठेवा. ब्लॅक राजा, कॉमन नवाब, ब्लू ओकलीफ यांना फुलांपेक्षा सडकं फळ आणि झाडाचा चीक प्रिय. गळालेल्या फणसावर, उंबराखाली ती आपणहून येतात, तिथे शोधा. अभयारण्यात बाहेरचं काही नेऊन ठेवू नये.

परवानगी लागते का?

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात प्रवेशाची परवानगी, शुल्क आणि कॅमेऱ्याचे नियम असतात. वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या. बरीच फुलपाखरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, ती पकडणं, मारणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. फोटो काढणं गुन्हा नाही. खाजगी बागेत, शेतात मालकाला विचारून जा. कोकणात विचारलंत तर पाणी आणि वर दोन आंबेही मिळतात.

साप, जळवांची भीती वाटते.

काळजी घेण्यासारखं आहे, कारण आपण सगळं लक्ष कॅमेऱ्यात घालून गुडघ्यावर बसतो. कोकणातल्या कातळावर फुरसं असतं, आणि ते जांभ्या दगडात मिसळून जातं. आंबोलीत झुडपाच्या उंचीवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो. बसण्याआधी, हात टेकण्याआधी ती जागा बघायची सवय लावा. कातळ असो की गवत, घोट्याच्या वर येणारे बूट. दंश झालाच तर कापणं-चोखणं नको, हालचाल कमी ठेवून सरळ दवाखाना.

जळवांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी. पण माझा सगळ्यात वाईट दिवस आणला तो खाजकुयलीने. ओढ्याकाठी वेलीखाली झोपून फोटो काढत होतो, वाऱ्याने शेंगांचं कूस मानेवर पडलं. खाजवलं की आणखी पसरतं. पाण्याने धुवायच्या आधी चिकटपट्टी लावून कूस ओढून काढा. पावसाळा सरल्यावर वेलीला मखमली, एस-आकाराच्या शेंगा दिसल्या की त्याखाली बसूच नका.

पावसात कॅमेऱ्याला बुरशी लागते. काय करावं?

हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आठवड्याला जेल गरम करून वाळवायचं. रानातून आल्यावर ओली बॅग बंद ठेवू नका. आणि महिनाभर लेन्स कपाटात पडून राहण्यापेक्षा वापरात असलेली बरी.

रानात जाणं जमत नाही. फ्लॅटमध्ये काय करू?

खिडकीत कढीपत्त्याची कुंडी ठेवा. लाइमची मादी तिसऱ्या मजल्यावरही येते. अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, मग हिरवी. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी काटा काढून उग्र वास सोडते. एकदा बघण्यापुरतं ठीक, रोज नको. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना. कोषातून पंखांचा रंग दिसू लागला की दुसऱ्या दिवशी पहाटे तयार राहा. कोष फुटायला दोन मिनिटं लागतात आणि नेमकी तीच चहा करताना निघून जातात. पंख पसरायला पंधरा-वीस मिनिटं, वाळायला आणखी तास-दोन तास. त्या वेळात खिडकी उघडी ठेवा आणि पंखा बंद.

काढलेल्या फोटोंचं काय करू?

तारीख, जागा, आणि ते कुठल्या झाडावर होतं, हे त्याच दिवशी लिहा. आयनॅचरलिस्टवर किंवा बटरफ्लाइज ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टाका. अंडं घालतानाचा, अळीचा, फाटक्या पंखाचा फोटोही टाका. कुठली अळी कुठल्या झाडावर वाढते ही माहिती अजून आपल्यासारख्या माणसांच्या फोटोंतूनच भरते आहे.

दुर्मीळ काही सापडलं तर नेमकं ठिकाण उघड करू नका. तालुक्याचं नाव पुरे. एका ओढ्याची जागा मी उत्साहाने सगळ्यांना सांगितली होती. पुढच्या रविवारी तिथे चौदा जण होते, आणि ईश्वरीची वेल, जिच्यावर बर्डविंगच्या अळ्या होत्या, ती पायाखाली गेली. वेल पुन्हा फुटायला दोन पावसाळे लागले. या वर्षी तिच्यावर तीन अळ्या आहेत.